सत्तावीस झाडांचे बिरूमामा

बिरूमामांनी मला पहिल्या दिवशी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "म्याडम, पिशवीत काय हाय?"

पिशवीत माझा डबा, पाण्याची बाटली आणि हजर होण्याचे कागद होते. मी सांगलीहून दोन एसट्या बदलून, घाटात एकदा उलटी करून ऑफिसच्या पायरीपाशी पोचले होते आणि तिथं लाल दुहेरी जास्वंदीचं हाताच्या पंजाएवढं फूल दिसलं म्हणून त्याला बोट लावलं. नुसतं बोट. तर मागून हा आवाज. बघते तर खाकी शर्ट, डोक्याला पांढरा रुमाल, पिकलेली मिशी, आणि डोळे बारीक करून माझ्या पिशवीकडे बघणारा माणूस. मी पिशवी उघडून दाखवली. का दाखवली ते मला अजून कळलं नाही, पण त्या नजरेपुढं आपण काहीतरी चोरलंय असंच वाटायला लागायचं. त्यांनी आत बघितलं, मग झाडाकडं बघितलं, मग ओळीतल्या एकेका डब्यावरनं बोट फिरवत ओठ हलवले.

"हायत सत्तावीस," ते म्हणाले. "या आत."

ऑफिस म्हणजे वाईच्या वर, घाट चढून गेलं की पठारावर एका सरकारी खात्याची बैठी इमारत. साहेब, मी, शिपाई बिरूमामा आणि जीप चालवणारा माने, एवढीच वस्ती. इमारतीच्या मागं उतार, आणि उताराच्या तळाला खोलगटात ओढ्याकाठी तीन क्वार्टर. सगळ्यात खालचं मामांचं, मधलं मला मिळालं, आणि सगळ्यात वरचं, पत्र्याच्या रुंद पडवीचं, मानेचं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या उतारानं केला. आम्हाला तेव्हा ते माहीत नव्हतं. आम्ही माणसांवर संशय घेत होतो.

मामा मूळचे आटपाडीकडचे, मेंढरांच्या मागं फिरणाऱ्या घरातले. वडील दिवाळी झाली की कळप घेऊन चालत कोकणाकडं जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. मामा शिकले, नोकरीला लागले, मेंढरं सुटली. पण मला वाटतं सुटली नाहीतच, त्यांची झाडं झाली. तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या बादल्या, बुड फुटलेली घागर, एक जुनं घमेलं, आणि त्यात जास्वंद, अनंत, तगर, कामिनी, एक्झोरा, कण्हेर, बोगनवेल. सगळी बाराही महिने हिरवी राहणारी, फुलणारी. ऑफिसच्या पायरीपाशी आठ-दहा शोभेला ठेवायची, बाकीची क्वार्टरसमोरच्या अंगणात, आणि संध्याकाळी पायरीवरची सगळी एकेक करून उचलून खाली न्यायची. रोज. सकाळी परत वर.

मी एकदा विचारलं, "मामा, एवढी ओढाताण करण्यापेक्षा जमिनीतच लावा की."

"जमिनीत लावलं की ते हितलं झालं," मामा म्हणाले. "उद्या बदली आली की काय करू? मागं वळून बगत जाऊ व्हय? आमचं चालणारं घराणं. बरोबर चालत न्हाई ते आमचं न्हाई."

म्हणून प्रत्येक डब्याला तारेची कडी. आणि प्रत्येक डब्याच्या बुडाला खिळ्यानं पाडलेली एक खूण, मेंढराच्या कानाला पाडतात तशी. कुणी डबा बदलून हलकं झाड ठेवलं तर कळावं म्हणून. अशी अदलाबदल करायला त्या पठारावर कोण येणार होतं, हा प्रश्न मी विचारला नाही. विचारला असता तर संशयितांच्या यादीत माझंच नाव गेलं असतं.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, तो त्यांचा धंदा होता, असं मला वाटतं. कळपात राहून अंगात मुरलेला. संध्याकाळी सहाला गणती. शेवटच्या डब्यावर बोट आलं की "सत्तावीस" असं मोठ्यानं म्हणायचे आणि मगच चहा घ्यायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, कुणी कशाचीही खात्री दिली की ते म्हणायचे, "इस्वास हाय. पर मोजून." साहेबांनी पगार झाला म्हणून सांगितलं तरी तेच, मी पाऊस थांबलाय म्हटलं तरी तेच.

आणि अजून एक गोष्ट, ही कळायला मला महिना लागला. ज्याच्यावर संशय असेल त्याच्याशी मामा लय अदबीनं वागायचे. पहिले चार आठवडे मी म्याडम होते, तुमी होते, बसा-उठा होते. मी खूश. मग एक दिवस मी डबा खात असताना ते आले, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटानं चाखली आणि म्हणाले, "पोरी, मीठ जास्त पडलंय गं." मान्या बाहेर जीप पुसत होता, तो हसून म्हणाला, "सुटलीस ताई. तुझी केस मिटली."

मान्या म्हणजे माने, जत तालुक्यातला, तिशीचा, अर्धं बोलणं मराठी अर्धं कन्नड, जीपवर कंत्राटानं. मामा त्याला मान्याच म्हणायचे, आणि तो एकटाच असा होता की ज्याला मामांनी गणती करायला दिली होती. मामा बाहेरगावी गेले की मान्या मोजायचा आणि फोनवर आकडा सांगायचा. दोघं दुष्काळी पट्ट्यातले, पाण्याच्या टँकरमागं घागरी घेऊन पळालेले, त्यामुळं असेल. जूनमध्ये मामा इथं बदलून आले तेव्हा टेम्पोतनं सगळी झाडं एकट्या मान्यानं उतरवली होती. दुपारी दोघं मान्याच्या पडवीत बसून बाजरीची भाकरी खायचे. मान्या म्हणायचा, "मामा, तुमच्या घरात भाकरी बी मोजून खात्यात का?" मामा म्हणायचे, "खा गप. चौथी हाय तुझी."

झाड विकत घ्यायला मामांबरोबर जाणं हा एक वेगळाच प्रकार. ऑक्टोबरमध्ये आम्ही जीपनं वाईला गेलो होतो, येताना मामांनी एका नर्सरीपाशी थांबवलं. बुटकी पिवळी जास्वंद हवी होती. नर्सरीवाल्यानं फुलानं लगडलेलं एक रोप पुढं केलं. मामांनी फुलाकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवी उलटी करून मातीचा गड्डा हातात घेतला, मुळं पांढरी आहेत का बघितली, मातीचा वास घेतला, पानं उलटी करून पाठीमागं कापसासारखी कीड आहे का ते नखानं खरवडून बघितलं, आणि मग खोडाला अंगठ्यानं दाबून डोळे मिटून उभे राहिले.

नर्सरीवाला वैतागला. "काका, झाड घ्यायचंय का लगीन जुळवायचंय?"

"लग्नात फसलं तर मानूस बोलून तरी दावतंय," मामा म्हणाले. "मेंढरू घेताना दात बगत्यात. झाडाचं दात खाली असत्यात."

फुलं असलेलं त्यांनी घेतलंच नाही. मागं कोपऱ्यात पडलेलं, दोन काड्यांचं, बिनफुलाचं उचललं. "फूल दावून इकतोय मंजी मुळात कायतरी हाय," जीपमध्ये ते मला म्हणाले. गंमत म्हणजे ते दोन काड्यांचं रोप महिन्यात फुटलं. अंगणातलं एक मरत आलेलं टाकून त्यांनी त्या डब्यात हे लावलं, म्हणजे आकडा सत्तावीसच. पाणी बेतानं, आटपाडीहून पोत्यानं आणलेलं लेंडीखत मूठभर, आणि शेंडा खुडला की फांद्या फुटतात म्हणून शेंडा खुडायचा. फुलांवर त्यांचा जीव होता, पण फुलांवर विश्वास नव्हता.

डिसेंबर लागला आणि थंडी अशी पडली की मी सांगलीहून आणलेला स्वेटर मला रुमालासारखा वाटायला लागला. मामांना थंडी माहीत होती, पण आटपाडीच्या माळावरची, कोरडी, वाऱ्याची. इथली वेगळी होती. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ, आणि ओढ्याकाठी एकदम गप्प.

एका सकाळी मला मामांचा आवाज आला. ओरडण्याचा नव्हता, उलट फार हळू. मी शाल गुंडाळून बाहेर आले. अंगणातल्या पुढच्या ओळीतली झाडं काळी पडली होती. आदल्या संध्याकाळी हिरवीगार होती ती. एक्झोराची पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी लोंबत होती, जास्वंदीचे शेंडे मऊ, काळपट, हातात घेतलं तर पाणी सुटत होतं.

मामांनी एक पान बोटांत चिरडलं, वास घेतला. "पोळल्यात," ते म्हणाले. "कुनीतरी उकळतं पानी वतलंय."

मी लगेच फोटो काढले आणि मोबाईलवरच्या झाडांच्या ग्रुपवर टाकले. कुणी म्हणालं बुरशी, कुणी म्हणालं पाणी जास्त झालं. मामांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "ह्या मानसांनी झाड बगितलंय का हात लावून? मग गप बसा म्हनावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अजून चार गेली. आणि त्याच सकाळी, सहाच्या सुमाराला, माझ्या खिडकीतनं मी एक गोष्ट बघितली आणि तिचाही फोटो काढला. मान्या वाफाळती बादली घेऊन मामांच्या अंगणाला लागून चालला होता. तांब्याचा बंब त्याच्याकडंच होता, आणि जीप ओढ्याकडच्या सपाटीवर लावलेली असायची.

आता हे मी कबूल करते, की तो फोटो मीच मामांना दाखवला. धावत जाऊन. मला वाटलं मी काहीतरी शोधून काढलंय, मालिकेत दाखवतात तसं. मामांनी फोन हातात धरला, लांब धरला, जवळ धरला. मग वरच्या क्वार्टरकडं बघितलं. मान्याच्या पडवीत पत्र्याखाली त्याचा मोगरा आणि तुळस होती. हिरवीगार. एक पान काळं नाही.

"त्याचीच बरी कशी ऱ्हायली?" मामा म्हणाले.

त्यामुळं माझाही संशय पक्का झाला.

दुपारी मान्या भाकरी घेऊन पडवीत बसला आणि हाक मारली, "मामा, या. गार हुतीया."

मामा खालूनच म्हणाले, "तुमी जेवा, मानेसाहेब."

मान्याच्या हातातला घास तिथंच थांबला. त्याला मामांची रीत माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. तो उतरून खाली आला. "काय झालं मामा?"

"बादली घिऊन कुटं जाता रोज सकाळी?"

"जीपच्या काचंवर पापडी धरतीया. बर्फाची. गरम पानी वतल्याशिवाय निगत न्हाई."

"बर्फ," मामा म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं, जसं काही मी साक्षीदार होते. "ऐकलंस पोरी? बर्फ धरतोय म्हनं. उद्या म्हनतील हित्तं समुद्र हाय."

"आवं मामा, पहाटंला उठून बगा की."

"बगितलं मी. बादली बगितली."

तेवढ्यात हिराबाई आल्या, वरच्या शेतातल्या स्ट्रॉबेरीवाल्या, ऑफिसात कसल्या तरी दाखल्यासाठी. त्यांनी काळी पानं बघितली आणि सरळ म्हणाल्या, "मामा, दहिवरानं पोळल्यात ही. दव पडतं आणि पानावरच गोठतं. आमी तर थंडीत रोपांवर कापड टाकतो. आनि तुमी राहता खड्ड्यात, सगळी गार हवा उतरून हितंच बसती."

"गारव्यानं पोळतंय व्हय बाई?" मामा म्हणाले. "पोळतंय ते उकळत्या पान्यानं."

हिराबाई गेल्यावर मामा मला म्हणाले, "मान्या तिच्याकडनंच स्ट्रॉबेरी नेतोय गावाला. ध्यानात आलं का?"

ध्यानात आलं म्हणजे काय, मला तर सगळा कट दिसायला लागला. त्याच दुपारी, शुक्रवारी, मामांनी तक्रार अर्ज सांगितला आणि मी टाइप केला. मामांनी सांगितलं होतं साधं, की झाडांवर गरम पाणी पडतंय आणि ड्रायव्हरवर संशय आहे. "हेतुपुरस्सर" आणि "वारंवार" हे शब्द माझे. कीबोर्डवर माझे हात चालायला लागले की मला थांबता येत नाही. अर्ज साहेबांच्या ट्रेमध्ये गेला. साहेब सोमवारी येणार होते. आणि त्याच ट्रेमध्ये खाली मान्याच्या कंत्राटाचा कागद होता, नव्या वर्षाला मुदत वाढवायची की नाही त्याच्या सहीसाठी. हे मला माहीत होतं. मामांनाही माहीत होतं. दोघांपैकी कुणीच ते बोललं नाही.

ट्रे आवरायला मान्याच यायचा. त्यानं अर्ज वाचला. मला वाटलं तो चिडेल. तो कागद जसा होता तसा ठेवून खाली मामांच्या अंगणात गेला आणि मी मागं मागं.

"मामा, माझ्या मुदतीच्या कागदावर सोमवारी सही हाय," तो म्हणाला. "आई हाय, दोन पोरं हायत जतला. तुमाला ठाव हाय सगळं."

मामा डब्यांची ओळ सरळ करत राहिले.

"एक काम करा. एक झाड आसल्या जागी ठेवा, जितं माझा हात पोचत न्हाई. तुमीच जागा बगा, तुमीच पहारा ठेवा. मग ते ऱ्हायलं तर अर्ज खरा. जळलं तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही, निघून गेला.

तो गेल्यावर मामा मिशी चावत बसले. मग म्हणाले, "सोताच सांगतोय. मंजी ह्यात बी कायतरी हाय."

पण त्यांनी ते केलं. शनिवारी संध्याकाळी. मामांच्या क्वार्टरमागं पाण्याची उंच सिमेंटची टाकी, तिला लावायची एकच लोखंडी शिडी. आता कुणीही असतं तर एखादं मरतुकडं झाड वर ठेवलं असतं. मामांनी सगळ्यात चांगलं निवडलं, तीच पहिल्या दिवशीची लाल दुहेरी जास्वंद. ती मागच्या ओळीत असल्यानं वाचली होती, कळ्यांनी भरलेली.

"मामा, ही नको," मी म्हटलं.

"कमजोर ठेवलं तर आपसूक मेलं म्हनशील तू," मामा म्हणाले. "साक्षीला तगडंच मानूस लागतंय."

स्वतः चढले, डबा टाकीच्या मधोमध ठेवला, उतरले, शिडी काढली आणि घरात नेऊन आपल्या खाटेला सुंभानं बांधली. मला म्हणाले, "तू बी झोप. तुझ्यावर बी ध्यान हाय माझं." मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

रविवारी उजाडताना मी बाहेर आले तेव्हा मामा शिडी लावून वर चढत होते. मान्याही उतारावर येऊन उभा होता, हातात बादली नव्हती. मामा वर पोचले आणि तिथंच बसले, शिडीच्या शेवटच्या पायरीवर. मला खालून फक्त त्यांची पाठ दिसत होती. मग मीही त्यांच्यामागं शिडी चढून त्यांच्या खांद्याआडनं बघितलं. जास्वंद डब्यात उभी होती आणि तिच्या प्रत्येक पानाच्या कडेला साखरेसारखी पांढरी किनार होती. मामांनी पानाला बोट लावलं. किनार बोटावर आली, चमकली, पाणी झाली. दुसरं पान. तिसरं. ऊन टाकीवर आलं तसं पानं काळी, मऊ पडत गेली आमच्या डोळ्यांदेखत. कळ्यासुद्धा.

"शिडी माझ्यापाशी हुती," मामा म्हणाले. कुणाला म्हणाले माहीत नाही.

ते खाली उतरले तेव्हा मान्या तिथं नव्हता.

सोमवारी साहेब यायच्या आधी मामा माझ्या टेबलापाशी आले. ट्रेमधला अर्ज अजून तिथंच होता. "परत घ्यायचाय," ते म्हणाले. "कागूद कर."

मी टाइप करायला बसले. "कारण काय लिहू मामा? थंडीनं जळली, असं लिहू?"

"न्हाई."

"मग? गैरसमज झाला, असं?"

मामांनी खिडकीतनं बाहेर बघितलं. बाहेर मान्या जीप सुरू करत होता, इंजिन धरत नव्हतं. मग ते म्हणाले, "लिव, मोजन्यात चूक झाली."

"पण यात मोजण्याचा काय संबंध?"

"लिव तू."

मी लिहिलं. मामांनी सही केली, आणि साहेबांनी ते वाचून माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुठला तरी भलताच कागद दिलाय. पण अर्ज परत गेला आणि त्याखालच्या कागदावर सही झाली. मान्याची नोकरी राहिली.

मान्या मात्र बोलायचा बंद झाला. भाकरी जीपमध्ये बसून खायला लागला. मामा त्याला मान्या म्हणेनात आणि मानेसाहेबही म्हणेनात, म्हणजे हाकच मारेनात. माफी मागितली का, असं मी एकदा धीर करून विचारलं. मामा म्हणाले, "बादली घिऊन तो अंगनाला लागूनच का जात हुता, हे कळलंय का तुला?" मी म्हटलं, "वाट तीच आहे मामा." ते म्हणाले, "असंल." संशय त्यांच्या अंगातनं पूर्ण जाणार नव्हता. तो जाऊन बसायला दुसरी जागा शोधत होता.

झाडांचं मात्र त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. जळके शेंडे कापायला मी कात्री आणली तर मला थांबवलं. "थंडी सरूस्तोर हात लावायचा न्हाई. मेलेली पानं खालच्या जिवाला पांघरून असत्यात." मग पोत्यातनं वाघर काढली, म्हणजे मेंढरं कोंडायची सुंभाची जाळी, वडिलांच्या वेळची. चार बांबू रोवले, मधे सगळे डबे दाटीवाटीनं, नाजूक झाडं मधोमध, कण्हेरीसारखी टणक कडेला, अगदी कोकरांना मधे घेतात तसं. भोवती वाघर, तिच्यावर पोती आणि वरनं काळं घोंगडं. सूर्य वर आला की उघडायचं, संध्याकाळी गणती करून झाकायचं. त्यानंतर एकही झाड गेलं नाही. टाकीवरच्या जास्वंदीचं फक्त खोड राहिलं होतं. मामा रोज नखानं साल किंचित खरवडायचे, खाली हिरवं दिसलं की डोकं हलवायचे आणि परत झाकायचे.

आणि जानेवारीत एक गंमत झाली. एका सकाळी जीपच्या पुढच्या काचेवर घोंगडं पसरलेलं होतं. मान्या बादली घेऊन आला, थांबला, घोंगडं उचललं. काच कोरडी. त्यानं बादली ओतून दिली, घोंगडं घडी करून मामांच्या अंगणाच्या दगडी कठड्यावर ठेवलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत काचेवर घोंगडं, परत कठड्यावर घडी. थंडी संपेपर्यंत रोज. पांघरताना मी कुणालाच बघितलं नाही, आणि ते दोघंही त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मी मामांना विचारलं, "तुमच्याकडं घोंगडी किती आहेत?" मामा म्हणाले, "तुला कशाला गणती पाहिजे?"

मार्चमध्ये पोळलेली बाकीची झाडं बुडातनं फुटली आणि त्या जास्वंदीच्या बुडाशीही तीन कोंब आले. मामांनी वरचं जळकं खोड तेव्हा छाटलं. मे महिन्यात तिला पहिली कळी आली, आणि त्याच आठवड्यात मामांची बदली आटपाडीकडं झाली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, मागितलेलीच बदली होती.

जायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. डबे कडीला धरून मामांनी एकेक स्वतः चढवले, मला फक्त घागर धरू दिली. मान्या वर पडवीकडं पाठ करून जीप धूत होता, मान खाली. टेम्पो भरला, दोरी बांधली. मामा चाकावर पाय ठेवून वर झाले आणि मोजायला लागले, बोट फिरवत, ओठ हलवत. मीही सवयीनं त्यांच्याबरोबर मोजत होते. शेवटच्या डब्यावर त्यांचं बोट आलं तेव्हा माझा आकडा सव्वीस होता.

मी परत मोजले. सव्वीसच. या माणसानं एकदा एक डबा भिंतीआड गेला म्हणून अर्धा दिवस ऑफिस बंद ठेवलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी आकडा म्हटलाच नाही. "बरोबर हाय," म्हणाले, उतरले, रुमाल झटकला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

तेव्हा मला वर दिसलं. मान्याच्या पडवीत, पत्र्याखाली, जिथं दव पोचत नाही तिथं, मोगऱ्याशेजारी लाल दुहेरी जास्वंद, कळी अर्धी उघडलेली. आणि डब्याखाली घडी घातलेलं काळं घोंगडं.

टेम्पो सुरू झाला. मान्याच्या हातातली नळी तशीच वाहत होती. तो वळला, पडवीकडं बघितलं, टेम्पोकडं बघितलं, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज त्या उतारावर ऐकू आला.

"मामा, एक ऱ्हायलंय."

मामांनी खिडकीतनं मान बाहेर काढली नाही. फक्त हात काढला, टेम्पोच्या दारावर दोनदा थाप मारली, निघ म्हणून.

"मोजल्यात मी, मान्या."